आक्का जिना चढत होत्या तेव्हा

हे मी आजवर कुणापाशी बोललेले नाही. यांच्यापाशी नाही, आईपाशी नाही, देवापुढेही नाही — देवापुढे हात जोडले की मी घाईघाईने दुसरंच काहीतरी मागून मोकळी होते. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगणं सोपं जाईल असं वाटलं होतं. तसं काही जात नाहीये. पण बसलेच आहे तर सांगते.

पायांपासूनच सुरुवात करावी लागेल. पन्नाशी ओलांडली मी. सकाळी जाग येते तेव्हा पडल्या पडल्या मी अगदी धडधाकट असते. आज कुणाचे ब्लाऊज द्यायचे, भाजी कुठली करायची, सगळं डोक्यात मांडून होतं. मग पाय जमिनीला टेकतात — आणि खडीवर उभं केल्यासारख्या टाचा ठणकतात. गुडघे आखडलेले, पोटऱ्या ताठ. आधी पलंगाची कड धरायची, मग कपाट, मग भिंत. मोरीपर्यंत माझी वरात निघते. अर्ध्याएक तासाने सगळं सैल होतं आणि मी पुन्हा नेहमीसारखी. दहा वाजता माप द्यायला येणाऱ्या बाईला पत्ताही लागत नाही.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, वय, वजन आणि बसून काम. त्यांनी सांगितलं ते मी मुकाट करते. उठण्याआधी अंथरुणातच पावलं वरखाली हलवायची, घोटे गोल फिरवायचे, एकेक गुडघा हळूच पोटाकडे घ्यायचा. उठल्यावर कोमट पाण्यात पाय सोडून बसायचं. थंड फरशीवर अनवाणी चालायचं नाही. संध्याकाळी नदीकडे एक फेरी. फरक पडतो, खोटं कशाला बोलू?

खोटं कशाला बोलू — बघा, काय बोलून गेले! पाय दुखतात हे मी लग्नाच्या दुसऱ्या वर्षापासून सांगत आलेय. ते खरोखर दुखायला लागून दोन वर्षंसुद्धा झालेली नाहीत.

माझं माहेर भोरचं आणि सासर वेल्ह्याच्या पुढे, तोरण्याच्या पायथ्याशी. यांची नोकरी भोरला, म्हणून आमचा संसार इथेच, बाजारपेठेतल्या एका पहिल्या मजल्यावर. गावाकडे थोरले दीर आणि माझी थोरली जाऊ. त्यांना सगळे आक्का म्हणतात, मीही आक्काच म्हणते. जमीन दोघा भावांची एकत्र — चार भाताची खाचरं आणि थोडा वरकस माळ.

आमच्याकडे भाताची लावणी सावडीने होते. मजूर लावायचे नाहीत. आज साऱ्या बायका आमच्या खाचरात, उद्या आमच्या घरची बाई त्यांच्या खाचरात. ज्यांनी ज्यांनी आपल्याकडे दिवस दिला, त्यांचा त्यांचा दिवस फेडायचा. घरात राबणाऱ्या दोघी असल्या की फेड लवकर संपते. एकटी असली की गावभरचा चिखल तिच्याच वाट्याला येतो.

पहिल्या वर्षी मी गेले होते. नवी नवरी, हौस होती! कंबरेत वाकून मागे मागे सरकत रोपं रोवायची, वरून पाऊस, पाठीवर प्लास्टिकचा कागद. बायका तोंडाने गाणी म्हणत सरासरा सरकायच्या, आणि मी आपली एकटी मध्येच उभी. दुसऱ्या दिवशी बघते तर माझी अर्धी रोपं पाण्यावर तरंगत होती. सगळ्या हसल्या. आक्का हसल्या नाहीत, त्यांनी गुपचूप ती पुन्हा रोवली. माझ्या बोटांच्या बेचक्यांत चिखल्या झाल्या, नखं काळी पडली, आणि त्याहून जास्त झोंबलं ते हसणं. भोरला परत येताना एसटीत मी मनाशी ठरवलं की पुन्हा या चिखलात पाय घालायचा नाही.

पण कारण काय सांगणार? ते मला शोधावंसुद्धा लागलं नाही. पुढच्या वर्षी आक्काच घरी आलेल्या, मी मशीनवर बसलेली — तेव्हा पायाने मारायची मशीन होती — आणि त्या काळजीने म्हणाल्या, "दिसभर पाय मारून मारून तुजं पाय धरत असतील गं." मी म्हणाले, "हो ना आक्का, रात्रभर ठणकतात." झालं. एवढंच. त्या म्हणाल्या, "मग चिखलात उतरू नगंस. मी हाय न्हवं."

तेव्हा माझे पाय कसे होते म्हणून विचाराल, तर जत्रेत दिवसभर हिंडून घरी येऊन मी पुरणपोळ्या केल्या असत्या.

त्यानंतर दर वर्षी लावणीच्या आधी आक्का यायच्या. वेल्ह्याची एसटी धरून नसरापूर, तिथून दुसरी गाडी करून भोर. पिशवीत एक बाटली असायची — करंजाच्या तेलात निरगुडीचा पाला कढवून केलेलं औषध, माझ्या पायांसाठी. पाला त्या स्वतः ओढ्याच्या काठावरून ओरबाडून आणायच्या. त्या तेलाला उग्र वास यायचा. मी कधी लावलं नाही. शेजारणीला दिलं, तिने कौतुक केलं. एका वर्षीच्या बाटलीवर आमच्या मोरीच्या दाराच्या बिजागऱ्या गप्प राहिल्या. आक्का फोनवर विचारायच्या, "गुण आला का गं?" मी सांगायचे, "खूप बरं वाटलं." आणि दिवाळीला गावाहून नव्या तांदळाचं पोतं आलं की वाफाळत्या भाताचा वास घेत मी शेजारणींना सांगायचे — आमच्या घरचा आहे हो, घरचा!

माझ्या वाटचे दिवस कोण फेडतं हे मला माहीत नव्हतं, असं म्हणता आलं असतं तर किती बरं झालं असतं. सुरुवातीला नव्हतंही. मग नसरापूरला एका लग्नात गावाकडची एक बाई पंगतीत शेजारी बसली होती. ती सहज बोलून गेली, "साऱ्यांची लावण उरकती तरी तुजी जाऊ आपली चिखलातच. तुजं दिस बी तीच फेडती न्हवं का." जिलबीचा तुकडा माझ्या हातात तसाच राहिला. वाईट वाटलं का? वाटलं. घरी येईपर्यंत वाटलं. पुढच्या लावणीला मी गेले का? नाही गेले. एकदा सांगितलेलं दुखणं अचानक बरं कसं होणार, अशी मी माझी समजूत घातली.

इथवर मी तुम्हाला सांगितलं ते आळसात जाईल, फार तर लबाडीत. असले कामचुकार घरोघरी असतात. खरं सांगायचं आहे ते अजून पुढेच आहे, आणि मी मघापासून चिखल आणि तेल यांतच घुटमळतेय.

एका वर्षी आक्कांचा गुडघा सुजला. आषाढ होता. यांना दिरांचा फोन आला होता — यंदा तिला वाकता येत न्हाई, धाकलीला आठ दिस धाडता आलं तर बघ. यांनी मला सांगितलं आणि ते कामावर गेले. "तुझं तू बघ, पाय साथ देत असतील तर," एवढंच म्हणाले. माणूस भोळा. आणि शाळांच्या गणवेशाची शिवण नुकतीच संपलेली, माझ्यापाशी एकही काम नव्हतं.

दुपारी मी गॅलरीत कपडे वाळत घालत होते. गल्लीच्या तोंडाशी आक्का दिसल्या. पदर डोक्यावर, काखेत पिशवी. एका हाताने दुकानांच्या कट्ट्यांचा आधार घेत येत होत्या. उजवा पाय टेकताना त्यांचं सगळं अंग एका बाजूला कलत होतं. त्यांनी यापूर्वी मला कधी 'ये' म्हटलेलं नव्हतं. आज तेच म्हणायला आल्यात, हे मला लांबूनच कळलं.

मी आत पळाले. हो, पळाले — चांगले पाय होते ना! यांचा पाय मुरगळला होता तेव्हाची रुंद पट्टी कपाटात होती. ती काढली, डाव्या घोट्यापासून गुडघ्याखालपर्यंत नीट गुंडाळली, टोकाला पिन लावली. खुर्चीत बसले, समोर स्टूल ओढलं आणि पाय त्यावर ठेवला. घाई करावी लागली नाही. खालून जिन्यावर त्यांचं पाऊल वाजत होतं — एक पायरी, मग दुसरा पाय त्याच पायरीवर, मग थांबणं, मग कठड्याची करकर. त्या जिना चढून येईपर्यंतचा वेळ मला भरपूर पुरला. पट्टीचा एक वेढा सैल झालेला तो सोडून पुन्हा घट्ट केला, इतका पुरला.

दार उघडंच होतं. त्या उंबऱ्यात उभ्या राहिल्या, माझ्या पायाकडे बघितलं आणि म्हणाल्या, "तुजं बी तेच का गं?"

मी मान हलवली.

लावणीचं त्या बोलल्याच नाहीत. चहा त्यांनीच केला, कारण मला उठता येत नव्हतं. कपबश्या विसळून ठेवल्या. मग उजवा पाय लांब सोडून कशाबशा माझ्यापुढे खाली बसल्या, पिशवीतून तेलाची बाटली काढली, आणि पट्टी नव्हती तिथे, माझ्या पावलाला, बोटांना तेल चोळत राहिल्या. त्यांच्या तळहाताच्या भेगा मला टोचत होत्या. पाय काढून घ्यावा, पट्टी फाडून टाकावी, त्यांचा गुडघा मांडीवर घ्यावा — सगळं मनात आलं. मी काहीच केलं नाही. पिन नीट लागलीय ना, हे मात्र दोनदा बघितलं.

चारच्या गाडीला त्या निघाल्या. उतरताना जिना चढतानापेक्षा अवघड जातो, हे मला आता कळतं. तेव्हा मी नुसती ऐकत बसले. पावलं वाजायची थांबल्यावर पट्टी सोडली, गुंडाळी करून कपाटात ठेवली आणि राहिलेले कपडे वाळत घातले.

त्या वर्षी आमची खाचरंही लागली आणि सगळ्यांचे दिवसही फिटले, आक्कांच्याच हातून. आक्कांचा तो गुडघा मात्र पुन्हा सरळ झाला नाही. आता त्या काठी घेऊन चालतात, खाली बसता येत नाही, खाचरं वाट्याने दिलीत. झीज ती, वयाने होणारच होती, असं डॉक्टर म्हणतात. ते वाक्य मी पुष्कळ वर्षं उराशी धरून ठेवलं होतं. हल्ली ते माझ्या कामी येत नाही.

आता आक्कांचे दोन्ही पाय सकाळी आखडतात. मागच्या महिन्यात फोनवर त्या ते सांगत होत्या, तेव्हा मी डॉक्टरीणबाईंनी शिकवलेलं सगळं त्यांना सांगितलं. उठायच्या आधी पावलं हलवा, घोटे फिरवा, चुलीवरचं कोमट पाणी बादलीत घ्या, घरातही चप्पल घाला. मोठ्या तोंडाने सांगितलं. आठ दिवसांनी त्यांचा फोन आला, सकाळी सकाळीच. मी पलंगाच्या कडेला बसून पाय मोकळे होण्याची वाट बघत होते. त्या खुशीत होत्या. म्हणाल्या, लई हलकं वाटतंय, आज अंगणापातूर काठीबिगर गेले.

मी फोन ठेवणार होते.

"येक सांगू का शोभा?" त्या म्हणाल्या. "लई वर्सं मनात हाय. त्या साली तुज्या पायाला पट्टी बगून मी जिना उतरतानाच मनात म्हनले व्हते, ही सोंग करती. म्या म्हनले तसं. आता माजं पाय असं व्हायला लागल्यावर कळतंय, तू कसं काढलं असशील एवढं दिस. माज्या मनात पाप आलं बग. माफ कर मला."

त्या क्षणी सांगता आलं असतं. माझे पाय खाली लोंबत होते, यांची आंघोळ चालू होती, घरात दुसरं कुणी नव्हतं. ओठांपर्यंत आलंही होतं — आलं होतं का खरंच? की आज मी ते वाढवून सांगतेय?

मी काय म्हणाले ते सांगते.

"असू द्या आक्का," मी म्हणाले. "मी कधी मनात धरलं नाही."

त्यांनी मोठा श्वास सोडला, तो मला फोनमध्ये ऐकू आला. मग यंदा इंद्रायणी भात चांगलं आलंय, पोतं धाडते, म्हणाल्या आणि त्यांनी फोन ठेवला.