एका नंबराचे तीन ब्लॉक

आष्ट्याचा तो फौंड्रीवाला गेल्याचे मागच्या महिन्यात कळले, तेव्हापासून ती दुपार डोळ्यांपुढून हलत नाही. त्याचे नाव इथे लिहीत नाही. घरच्यांना आवडेल की नाही, ठाऊक नाही.

दुसऱ्या महायुद्धाचा काळ होता. मी आष्ट्याच्या ठाण्यात फौजदार होतो. सातारा-सांगलीकडच्या काही इनामदारांकडे शर्यतीच्या जुन्या, दांडग्या मोटारी होत्या. घाटात इंजिन तापले की ड्रायव्हर घाईने गार पाणी ओतायचा आणि इंजिनाचा ब्लॉक, म्हणजे सिलिंडर ज्यात असतात तो बिडाचा मोठा ठोकळा, तडकायचा. विलायतेहून सुटे भाग येणे बंद झाले होते. ब्लॉक कुठे मिळतो असे नुसते कानावर आले तरी लोक धावत.

स्टँडजवळच्या हॉटेलवाल्याने खबर दिली. "सायेब, त्या चरकाच्या फौंड्रीत रनगाड्याचं इंजान आलंय. लष्करातनं उचललंय म्हनत्यात."

उसाचे चरक ओतणारी ती फौंड्री. पंच घेऊन आम्ही झडती घेतली. गोणपाटाखाली दोन नवेकोरे ब्लॉक निघाले. दोन्हींवर इंग्रजी अक्षरे, आणि दोन्हींवर एकच नंबर. खरे तर प्रत्येक इंजिनाचा नंबर वेगळा असतो. साताऱ्यास चौकशी केली, तर एका इनामदाराच्या मोटारीवरही तोच नंबर. मला सारे उघड वाटले. लष्करी डेपोतून माल पळवायचा आणि खऱ्या गाडीचा नंबर ठोकून खपवायचा. त्या काळी अशा गुन्ह्याला माणूस काही वर्षे आत गेला असता, आणि फौंड्रीला सील लागले असते ते वेगळेच.

चौकशीत फौंड्रीवाल्याने एकच धरून ठेवले.

"आनलं न्हाई. ओतलं. मी."

आमचे हवालदार हसले. "आवं पैलवान, तुमी पुराचं पानीबी थोपवलं हुतं म्हनं, एकट्यानं?"

"थोपवलं न्हवतं. वळवलं हुतं."

अडचण हीच होती. त्याच्या बढाया साऱ्या पंचक्रोशीत माहीत होत्या. कोठडीत तो शेजारच्या आरोपीला घाण्याचा बैल एका हाताने उचलल्याची गोष्ट सांगत होता, आणि तो आरोपीही त्याला म्हणत होता, "गड्या, निदान हितं तरी खरं बोल."

साताऱ्याहून इनामदाराचा तडकलेला ब्लॉक मागवला आणि तिन्ही ओळीने ठेवले. जुन्या ब्लॉकवर नंबराखाली छिन्नी घसरल्याचा एक तिरपा ओरखडा होता. तसाच ओरखडा, तेवढाच, नव्या दोन्हींवर होता. नंबर घासणारे चोर मी पाहिले होते, बदलणारेही पाहिले होते. ओरखड्यासकट उतरवून घेणारा चोर मी पाहिला नव्हता.

"हा कशाला काढलात?" मी विचारले.

"हुता म्हनून. इनामदार म्हनलं, हुबेहूब पायजे. आमच्या सुतारानं लाकडात समदं कोरलं. त्याला इंग्रजी येत न्हाई, मला बी न्हाई. कुठलं कामाचं आन् कुठलं बिनकामाचं, कसं कळायचं? दुसरं गिऱ्हाईक आलं, सांगलीचं. त्येच्यासाठी बी त्योच साचा लावला."

वरिष्ठांना एवढ्याने पटेना; इनामदाराची साक्ष म्हणजे माल घेणाऱ्याचीच साक्ष. त्यांनी कळवले, ओतला म्हणतो तर पंचांसमक्ष ओतून दाखवावा. जमले तर सुटका, नाही तर खटला.

भर दुपारी भट्टी पेटली. साच्याच्या पोटात, जिथे पोकळी राहायला हवी तिथे, त्याने वाळूचे गाभे बसवले. ती वाळू काकवीत मळून वाळवलेली होती आणि तिच्यावर मुंग्या लागल्या होत्या. तो एकेक मुंगी फुंकरीने उडवत होता. मग भट्टीचे तोंड फोडले. लोखंड पाण्याहून पातळ होऊन, पांढरेशुभ्र धावत आले. उन्हाला उन्हात फिके पडलेले मी तेवढे एकदाच पाहिले. साच्याच्या भोकांतून निळ्या ज्योती निघाल्या आणि काकवी जळल्याचा गोड-करपट वास सुटला. पंचांपैकी एका म्हाताऱ्याने नकळत हात जोडले. आणि तो बडबड्या माणूस सारा वेळ धार कुठे तुटत नाही ना, तेवढेच पाहत होता.

दुसऱ्या दिवशी साचा फोडला. ब्लॉक साफ करून त्याच्या पोकळीत पाणी भरले. कुठेही झिरपले तर फौंड्रीवाला तुरुंगात जाणार होता. हवालदार गुडघ्यांवर बसले आणि खालून चहूकडे तळहात फिरवून आले. उठून त्यांनी तो हात माझ्यापुढे धरला. कोरडा होता.

"हात लावा सायेब," फौंड्रीवाला हळूच म्हणाला. मी लावला. आतून अजून ऊब येत होती, नुकत्याच जन्मलेल्या वासराच्या अंगासारखी.

पुढे नोकरीत कितीएक जबान्या घेतल्या. दहा बढाया मारणाऱ्याची अकरावी गोष्टही मी तेव्हापासून शेवटपर्यंत ऐकत आलो. कोणते खरे हे बोलण्याच्या ढंगावरून ठरत नाही, एवढे मी त्या भट्टीपुढे शिकलो. तो पूर मात्र त्याने कसा वळवला, हे विचारायचे राहून गेले. आता वाटते, वळवलाही असेल.