मितूचं म्हणणं

ओल्या वाळ्याचा गारवा खोलीभर पसरला होता आणि कूलरच्या अखंड घरघरीत वैशाखातली दुपार डोळे मिटून पडली होती. शहरातल्या सदर भागातलं माझं घर बंद करून मी सुट्टीला खापरखेड्याला, धाकट्या बहिणीकडे, वैशालीकडे आले होते. तिची सहा वर्षांची मितू स्वमग्न आहे. तोंडून शब्द नाही. मनातलं कुणाला कळलं नाही की ती स्वतःचंच मनगट चावायची. आत सारं उमगत असूनही बाहेर यायला वाट सापडू नये, त्या जिवाची तगमग केवढी असेल!

ती वाट घरातच तयार करायचा ध्यास वैशालीने घेतला होता. थेरपीच्या ताईंनी शिकवल्याप्रमाणे तिने फ्रिजवर चित्रं लावली होती. मुरमुऱ्यांचा डबा मितूला दिसेल, पण हाती लागणार नाही असा ठेवायचा आणि शेजारी शांत बसायचं. मितू आईचा हात धरून डब्याकडे ओढायची. वैशाली अलगद तिला मुरमुऱ्यांच्या चित्रापाशी न्यायची आणि मितूने ते काढून आईच्या हातात ठेवलं, की लगेच मूठभर मुरमुरे द्यायची.

"काहून छळतेस वं पोरीले? देऊन टाक ना!" वैशालीच्या सासूबाई कळवळायच्या.

"छळून नाही राहिली आई. तिले मागता यावं म्हणून थांबून राहिली."

थांबणं! मायेच्या उतावीळपणात आपण लेकरांची किती वाक्यं त्यांच्याआधीच पुरी करून टाकतो! वैशालीचं वात्सल्य मात्र त्या स्तब्ध प्रतीक्षेत उजळून दिसायचं. हळूहळू मितू आपणहून चित्रं आणू लागली. मग वैशालीने आडव्या धरलेल्या तळहाताचंही एक चित्र लावलं: 'नको'. मुलीला नकारही देता यावा, हा तिचा केवढा मोठा विचार!

सुट्टी सरताना कुहीला लग्नाला निघालो. गाडी दारात उभी होती. सासूबाई हौसेने नातीच्या केसांत मोगऱ्याचा गजरा माळू लागल्या, तशी मितू निसटली. आता रडारड होणार, असं आम्हाला वाटलं. ती थेट फ्रिजपाशी गेली आणि तळहाताचं चित्र आणून तिने आजीच्या हातात ठेवलं.

सासूबाईंनी ते चित्र निरखून पाहिलं. "नाही घालत वं माय, नाही घालत," म्हणत त्यांनी गजरा बाजूला ठेवला. वैशालीने पदराने डोळे टिपले.

मांडवात एका नातेवाईक बाईंनी विचारलं, "नातीले गजरा काहून नाही माळला?"

मान ताठ करून सासूबाई म्हणाल्या, "तिनं नाही म्हटलं ना मले!"