सूर्याआधीचा उजेड

दिंद्रुडच्या स्टँडवर माय मला सोडायला आली, तेव्हा शेजारीच ठेवलेल्या माझ्या बॅगेला अडखळून पडली. सकाळचे दहा वाजले होते, लख्ख ऊन होतं. "दिसली न्हाई गं," म्हणत तिने गुडघा झटकला. मी उगीच चिडले. बीडला नर्सिंग केलेलं मी. माणसाला भर उन्हात पायाशेजारची वस्तू दिसत नाही, तेव्हा काय शंका घ्यायची हे मला शिकवलेलं होतं. पण मी इस्राएलला कामाला निघाले होते आणि बस लागली होती. नवऱ्याने टाकल्यापासून चार वर्षं मी भावाच्या घरी होते. गुरांचं पाणी, वहिनीची बाळंतपणं, सगळं माझ्यावर, कारण "तू मोकळीच हायस की." मी बसमध्ये चढले. खिडकीतून हात केला. मायने केला नाही. मला वाटलं, रागावली असेल.

इस्राएलमध्ये मला एका म्हाताऱ्याचं काम मिळालं. अशा कामावरच्या बाईला तिथे मेतापेलेत म्हणतात. म्हातारा नव्वदीला आलेला, जन्मभर शाळेत धर्मग्रंथ शिकवलेला. सगळे त्याला साबा, म्हणजे आजोबा म्हणायचे, म्हणून मीही. अंघोळ, जेवण, गोळ्या आणि सकाळ-संध्याकाळ डोळ्यांत थेंब. त्याला काचबिंदू होता. थेंबांना दहा मिनिटं उशीर झाला तर तो काठी आपटायचा.

एकदा थेंब घातल्यावर डोळे मिटूनच त्याने विचारलं, "देवाने उजेड पहिल्या दिवशी केला आणि सूर्य चौथ्या. मग आधीचे तीन दिवस कशाचा उजेड होता?"

"दिव्याचा?" मी म्हणाले.

तो खोकला येईपर्यंत हसला. मी समोर उभी असताना मुलीला फोन लावून माझं उत्तर ऐकवलं. पोटभर हसून झाल्यावर मग मास्तरासारखं समजावून सांगितलं. जग करायच्या आधी देवाजवळ शहाणपण होतं, जग त्या शहाणपणानेच घडवलं. पहिला उजेड म्हणजे तेच शहाणपण. त्यात जगाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत दिसायचं. पण पुढे दुष्ट माणसं येणार, ती या उजेडाचं वाटोळं करणार, हे देवाने ओळखलं आणि तो लपवून ठेवला. चांगल्यांसाठी. या चांगल्यांसाठी साबाने जो शब्द वापरला, त्यावरून मला आपल्या बाजारातल्या फळवाल्या चाचांच्या तोंडचा 'नेक' हा शब्द आठवला. मला ती गोष्ट आवडली. आपणही त्या नेकांत असू, असं मी मनातल्या मनात धरून चालले होते.

दर रविवारी मी घरी व्हिडिओ कॉल करायचे. एका रविवारी माझ्या लक्षात आलं, माय फोनकडे बघतच नाही. आवाज येईल तिकडे फक्त कान करते. मी हिरवा कुर्ता घातला होता.

"माय, माझा कुर्ता कोणत्या रंगाचा हाय, सांग बरं?"

"लई ग्वाड दिसतीस," म्हणाली.

मला कळलं. त्याच क्षणी कळलं. दादाला फोन दे, तिला उद्याच्या उद्या डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्यायला सांगते, एवढंच म्हणायचं होतं. पण मग दादा म्हणणार, आता तिच्याजवळ कोण बसणार? तू मोकळीच हायस की. माझी इथली खोली डोळ्यांपुढे आली, माझं स्वतःचं कुलूप, शनिवारी शब्बातच्या सुट्टीत समुद्रावर एकटीने खाल्लेलं मक्याचं कणीस. मी म्हणाले, "बरं, ठेवते."

असे पाच महिने गेले. इकडे रोज दोनदा साबाच्या पापण्या उघडून मी थेंब घालत होते. मग एके दिवशी राहवलं नाही आणि त्याला सगळं सांगून टाकलं. का सांगितलं? तो म्हणेल, पोरी, तू लांब होतीस, तुझा काय दोष. तेवढं ऐकायला.

"किती महिने?" त्याने विचारलं.

"पाच."

"तेव्हापासून माहीत होतं?"

"हो."

"मग तो उजेड तुझ्यासारख्यांपासून लपवला होता," तो म्हणाला आणि मान मागे टाकून बोटांनी आपली पापणी वर केली. "घाल. उशीर होतोय."

मी घातले.

त्याच दिवशी दादाला फोन केला. तो दुसऱ्या दिवशीच तिला अंबाजोगाईला घेऊन गेला. ताबडतोब, कुरकुर न करता. काचबिंदूच निघाला. उजवा डोळा पूर्ण गेला होता, डाव्यात फटीएवढी नजर उरली होती. काही महिने आधी आणलं असतं तर बरंच वाचलं असतं, असं डॉक्टर म्हणाले. दादा फोनवर रडला. "मला कसं कळलं न्हाई गं?" म्हणाला. मी त्याला रडू दिलं.

रजा घेऊन गेले. माय दारात बसली होती. मी पायाला हात लावला, तर तिने माझं मनगट चाचपलं आणि धरून ठेवलं. वहिनी चहा ठेवायला आत गेल्यावर म्हणाली, "त्या दिशी रंग कावून इचारला हुतास?"

मी दुसऱ्या हाताने बॅग भिंतीशी सरकवली.

"तुला कळलं, हे मला बी कळलं हुतं. म्या वाट बघितली, तू फुडं काय म्हणतीस त्याची. तू म्हणलीस, ठेवते."

"दादाला तू का नाही सांगितलंस?"

"तू सांगशील म्हणलं." तिने मनगट सोडलं. "चहा घे."

महिनाभर मी तिला थेंब घातले. ती मान वर करून गुमान बसायची. मी परत निघाले तेव्हा स्टँडवर आली नाही.

आता थेंब वहिनी घालते. मागे राहिलेल्यांना वाटतं, आम्हाला इकडे घर आठवत नसेल. माझ्यासारख्या आलेल्या पोरी विचारतात, कायमची कधी जाणार? मी काहीतरी सांगते. दिंद्रुडमध्ये एक बाई आहे, तिला मी दिसत नाही आणि तिला माझं सगळं कळलेलं आहे. माझं घर म्हणजे आता तेवढंच.