बेचाळीस की पंचेचाळीस

टेकडीवरच्या पाण्याच्या टाकीकडे जाणाऱ्या रस्त्याचे शेवटचे वळण इतके उभे आहे, की तिथे नवी गाडीसुद्धा जरा दम खाते. त्या सकाळी तिथेच टाकीवाल्याच्या मोटरसायकलने खाडकन आवाज केला, इंजिन मोकळेच ओरडू लागले आणि मागचे चाक जागच्या जागी राहिले. त्याने पाय टेकले, वाकून खाली पाहिले आणि ऐकायला कुणी नसतानाही मोठ्याने म्हणाला, "संपली."

चेन तुटली नव्हती. झिजलेल्या दातांवरून घसरून ती खाली लोंबत होती. त्याने गाडी कडेला लावली आणि उरलेला चढ पायी चढला, कारण खाली सारे गाव नळ उघडून बसलेले असते आणि पाणी सोडायला उशीर झाला की पहिली शिवी टाकीवाल्याच्याच नावाने निघते. नावाने म्हणायचे एवढेच. त्याचे खरे नाव पगाराच्या दिवशीच काय ते उच्चारले जाई.

पंप सुरू करायचा, टाकीतली पातळी बघायची, ब्लीचिंग पावडर मोजून टाकायची आणि वेळ झाली की एकेका भागाचा व्हॉल्व्ह उघडायचा, हे त्याचे आयुष्यभराचे काम. पंपघरात बोलायला माणूस नाही, आणि असता तरी त्या घरघरीत त्याला काय ऐकू आले असते! अशा आवाजात दिवस काढणाऱ्याची जीभ हळूहळू जड होत जाते. संध्याकाळी घरी आल्यावरही तो पंप बंद केल्यासारखा गप्प बसे. थकल्यावर माणसाने असेच बसायचे असते, अशी त्याची प्रामाणिक समजूत होती.

टाकीच्या अलीकडे, त्याच चढावर, एक छोटा दवाखाना आहे. त्याची बायको तिथे सिस्टर होती. लग्नानंतर दोघे एकाच गाडीवरून चढ चढू लागली तेव्हा गाडी नवी, पण दम बेताचा. शेवटच्या वळणावर ती इतकी धापा टाकी, की बायकोला उतरून मागून चालत यावे लागे. दवाखान्याच्या पायरीवर बसलेले पेशंट रोज तो सोहळा बघत. "साहेब घोड्यावर, सिस्टर पायी!" असे एक म्हातारा ओरडे आणि बाकीचे आपापली दुखणी विसरून हसत. ती हसण्यावारी नेई, पण तिचे कान लाल होत. मागून चालणाऱ्या माणसाचे कान लाल झालेले आरशात दिसतात.

मग एके दिवशी, घरात कुणालाही न विचारता, त्याने मागचे स्प्रॉकेट बदलले. स्प्रॉकेट म्हणजे चेन जिच्यावर फिरते ती दातेरी चकती. कंपनीने गाडीला बेचाळीस दातांची चकती दिली होती. त्याने पंचेचाळीस दातांची बसवली. मागे दात वाढले की गाडीचा वेग कमी होतो, पण ओढ वाढते. दुसऱ्या दिवशी शेवटचे वळण गाडी दोघांना घेऊन सहज चढून गेली. पायरीवरचा म्हातारा आ वासून बघत राहिला. बायकोने काही विचारले नाही आणि त्याने काही सांगितले नाही. फक्त तिने त्याच्या खांद्यावरचा हात दवाखाना येईपर्यंत काढला नाही.

चेन ताणायच्या कामातही तिचा वाटा असे. गाडीवर भार पडला की मागचा भाग दबतो आणि चेन आपोआप घट्ट होते; म्हणून चेन किती सैल ठेवायची हे माणूस बसवून बघावे, असे तो एका जुन्या मेकॅनिककडून शिकला होता. गाडी घराच्या भिंतीला लागून उभी करायची, बायकोने सीटवर अगदी मागे सरकून बसायचे, म्हणजे गाडी दोघांच्या भाराइतकी दबते, आणि तोल जाऊ नये म्हणून एक हात भिंतीला टेकायचा. तो खाली पालथा पडून बोटाने चेन वरखाली करून बघे. "झालं का हो?" ती विचारी. "थांब." "अहो, शेजारपाजारचे बघतायत." "बघू देत." संसारातले त्यांचे सगळ्यात लांब संभाषण बहुधा हेच असावे. भिंतीवर ज्या जागी तिचा तळवा टेके, तिथला चुना गुळगुळीत झाला होता.

तिची नोकरी संपली त्याच सुमारास दुसऱ्या शहरातल्या मुलीचे दिवस भरत आले होते. बायको तिच्या बाळंतपणाला म्हणून गेली. बाळंतपण झाले, मग मुलीची रजा संपली, मग बाळाचे दात, मग बाळाचा खोकला. जाणे थोडक्यात आटोपायचे होते, ते लांबतच गेले. भांडण झाले असते तर निदान मिटवता आले असते. नात आता शाळेत जाऊ लागली होती, आणि टाकीवाला अजून घराबाहेर पडताना किल्ली दाराच्या चौकटीवर ठेवी. न जाणो, ती अचानक आली तर.

चेन तो त्यानंतर वर टाकीपाशी ताणू लागला. बसायला कुणी नव्हते, म्हणून ब्लीचिंग पावडरचे पोते सीटवर मागे बांधी.

सुटे भाग विकणाऱ्या दुकानात त्याने जुनी चेन आणि दोन्ही स्प्रॉकेटे काउंटरवर ठेवली, तेव्हा पार्टवाल्याने चेन दोन बोटांत धरून उचलली.

"टाकीवाले, ही चेन आहे की पायजम्याची नाडी?"

"बरेच दिवस झाले तिला."

"दिवसांचं नाही हो. हे दात बघा, कसे आकड्यासारखे वाकलेत ते. कायम सैल चालवलीय तुम्ही."

"सैल नाही. भार टाकून बघतो दर वेळी."

"कोण बसतं?"

टाकीवाला जरा अडखळला. "पोतं."

"कसलं पोतं?"

"पावडरचं. मागे बांधतो."

"आणि चालवताना?"

"चालवताना मी एकटाच."

पार्टवाला इतका हसला, की मागच्या फळ्यांवरचे डबे हलल्यासारखे वाटले. "म्हणजे पोतं उतरवून तुम्ही एकटे निघता, आणि चेन बिचारी त्या पोत्याची वाट बघत लोंबत राहते! अहो, एकट्याची गाडी दोघांच्या मापानं ताणल्यावर ती आपटणारच. आवाज नाही यायचा?"

"यायचा. सवय झाली होती."

खरे तर सवयीहून काही जास्त झाले होते. चेनकव्हरवर आपटणारा तो खडखडाट चढावर त्याला सोबत करी. मागे काहीतरी आहे असे वाटे. हे पार्टवाल्याला सांगण्यासारखे नव्हते, म्हणून त्याने खिशातला रुमाल काढून विनाकारण हात पुसले.

"तिन्ही एकदम बदला," पार्टवाला म्हणाला. "जुन्या दातांवर नवी चेन घातलीत तर तिलाही महिन्याभरात म्हातारी करतील. आता बोला, मागचं कुठलं देऊ? कंपनीचं बेचाळीस दाती, की तुमचं ते पंचेचाळीस?"

"एकट्याला कुठलं बरं?"

"एकट्याला बेचाळीस. इंजिनाचा जीव वाचेल. दोघं चढणार असाल तर पंचेचाळीसला पर्याय नाही."

टाकीवाला दोन्ही चकत्या हातात धरून उभा राहिला. वजनात फरक जाणवत नव्हता.

"उद्या सांगतो."

"उद्या? अहो, स्प्रॉकेट घ्यायला आलात की मुलगी बघायला?"

घरी येऊन त्याने कपडे बदलले नाहीत. फोन समोर ठेवला आणि त्याच्याकडे बघत बसला. इतकी वर्षे त्याने तिला "कधी येतेस?" असे विचारले होते आणि तिने "बघू पुढच्या महिन्यात" असे सांगितले होते. हा प्रश्न आणि हे उत्तर इतके घासून गुळगुळीत झाले होते, की त्यांत आता कशाचीच पकड उरली नव्हती. आज निराळे विचारावे लागणार होते.

"अहो, जेवलात का?" तिने फोन उचलताच विचारले.

"चेन गेली."

"कुणाची?" तिचा आवाज घाबरला.

"गाडीची. दातांच्या चकत्याही गेल्या. दुकानदार विचारतोय, मागचं कुठलं घालू. बेचाळीस की पंचेचाळीस."

पलीकडे नात काहीतरी मागत होती. बायकोने तिला गप्प केले. मग दार लावल्याचा आवाज आला.

"एकट्याला बेचाळीस पुरतं ना?"

"पुरतं."

"मग?"

"तू येणार असशील तर नाही पुरत."

तो गप्प राहण्यात मुरलेला होता; पण या खेपेला गप्प ती होती आणि ऐकत बसायची पाळी त्याची होती. ते किती जड जाते हे त्याला पहिल्यांदाच कळले.

"खरं सांगू?" ती म्हणाली. "रागावू नका. मला इथं बरं वाटतं. पोरगी दिवसभर बडबडते, मुलगी आली की भांडते, जावईबापू बातम्या मोठ्यांदा वाचतात. डोकं उठतं. पण घरात आवाज असतो हो. तिथं तुम्ही दिवसभर टाकीवर, आणि घरी आलात तरी टाकीवरच. दवाखाना होता तोवर माणसं होती. तो सुटल्यावर मी काय करायचं? भिंतीशी बोलायचं?"

"बोलली नाहीस कधी."

"कुणाशी बोलणार? तुमच्या पाठीशी? गाडीवर काय, घरात काय, मला पाठच दिसायची."

ती चिडून बोलत नव्हती हेच जास्त अवघड होते.

"बेचाळीसच घ्या," ती शेवटी म्हणाली. मग, आवाज थोडा खाली आणून, "सुट्टीत आम्ही येऊ चार दिवस, पोरीला टाकी बघायचीय. तेव्हा मी शेवटच्या वळणावर उतरेन. येईन चालत मागून. आता कुणाच्या हसण्याचं काही वाटत नाही मला."

"तो म्हातारा गेला," टाकीवाला म्हणाला.

"कधी?"

"झाली बरीच वर्षं."

"हे तरी सांगायचंत," ती म्हणाली.

त्याच आठवड्यात आपल्या सुट्टीच्या दिवशी त्याने घरासमोर गोणपाट अंथरून काम काढले. पुढचे छोटे स्प्रॉकेट बसवले, मागचे बेचाळीस दाती बसवले. तीन दात कमी झाले म्हणून पार्टवाल्याने नव्या चेनच्या दोन कड्या आधीच काढून दिल्या होत्या. त्या त्याने खिशात टाकल्या. चेन ओवली, टोके जोडली, लॉकची बंद बाजू चेन धावते त्या दिशेला आहे ना, हे दोनदा बघितले. मग गाडी स्टँडवरून काढून भिंतीला लावली आणि तिथे काम अडले. आता कुणीतरी बसायला हवे होते. पोते नको होते.

खालच्या खोलीत एक शिंपी राहत असे, सगळे त्याला मास्तर म्हणत. एका जिन्याचे शेजारी असूनही दोघांची ओळख मान हलवण्यापुरतीच. टाकीवाल्याने त्याच्या दारात उभे राहून घसा साफ केला.

"मास्तर, जरा बसता का?"

"या ना, आत या. बसा."

"मी नाही. तुम्ही. गाडीवर."

मास्तरांनी चष्म्यावरून पाहिले. "कुठं जायचंय?"

"कुठंच नाही."

मास्तर गळ्यातल्या टेपसकट बाहेर आले आणि सरावाने मागच्या सीटवर चढू लागले.

"मागे नको. पुढे बसा, माझ्या जागी."

"मला चालवता येत नाही हो!"

"चालवायची नाही. नुसतं बसायचं. हात भिंतीला टेका."

मास्तर ताठ बसले, जणू कुणी फोटो काढणार आहे. त्यांचा हात भिंतीवरच्या त्या गुळगुळीत जागेच्या बराच पुढे, खडबडीत चुन्यावर पडला. टाकीवाल्याने खाली पालथे पडून चेन बोटाने वरखाली केली, पाना फिरवला, पुन्हा केली.

"झालं का?" मास्तरांनी विचारले.

"थांबा," तो म्हणाला, आणि मग, पाना तसाच हातात धरून, "मास्तर, शिवणयंत्राचा पट्टाही असाच सैल होतो का हो?" एवढे मोठे वाक्य आपण कुणाला विचारले याचे त्याचे त्यालाच नवल वाटले. मास्तर मात्र वाटच बघत असल्यासारखे सुरू झाले, आणि पट्ट्यापासून सुयांपर्यंत पोचले तरी थांबले नाहीत. चेन केव्हाच बसली होती. तो पालथाच पडून राहिला.

दुसऱ्या सकाळी गाडी चढ चढू लागली तेव्हा चेनचा आवाजच आला नाही. खडखड नाही, आपटणे नाही. इंजिनाची एकसारखी घरघर आणि मागे फक्त रस्ता. मागे कुणीही नाही हे इतके स्पष्ट त्याला आजवर कधी ऐकू आले नव्हते. शेवटच्या वळणावर त्याचा पाय आपोआप गिअर उतरवायला गेला. गरज नव्हती, एकट्याला बेचाळीस पुरत होते.

तरीही तो थांबला. वळणाच्या आतल्या कडेला, जिथे ती उतरत असे, तिथे खडी सुटून पसरली होती. उतरणाऱ्याचा पाय घसरावा अशी. त्याने गाडी उभी केली, चपलेने खडी कडेला सारली, उरलेले खडे वाकून हाताने वेचले आणि जागा पायाने दाबून पाहिली. मग पाणी सोडायची वेळ झाली, म्हणून तो वर निघाला.