पांढरी एक, काळी दोन

हळदी-लग्नांत वाजवणाऱ्या बेंजो पार्टीवाल्यांची एक गंमत सांगते. आम्ही सगळी गाणी एकाच पट्टीत शिकतो, पांढरी एकमध्ये. गायकाला वरची पट्टी हवी? कीबोर्डवरचं ट्रान्सपोजचं बटण दाबायचं. बोटं तिथल्या तिथे, सूर वर! काकाच्या पार्टीत आमच्या तळवली गावच्या किती हळदी वाजवल्या मी अशा. आणि घरी आलं की हेडफोन लावून जॅझ, मोबाइलवर बघून बघून. त्यातले ते कॉर्ड, एकदम दाबलेले तीन-चार सूर, असतात ना, जे कुठे पोचतच नाहीत, खाडीवरच्या धुक्यासारखे नुसते तरंगतात, त्यांच्यासाठी मी वेडी होते. तेही पांढरी एकमध्येच बसवलेले. कधी अडलंच नाही!

मग वाशीच्या एका हॉटेलात पियानोवाल्याची जागा रिकामी झाली. दर रविवारी दुपारी लॉबीत जॅझ. गाणाऱ्या बाई, एक बासवाला आणि पियानो. मला ती जागा इतकी हवी होती की भाकरी थापतानाही बोटं कॉर्ड धरायची.

काका टेम्पोने सोडायला आला. खरा पियानो आम्ही दोघंही पहिल्यांदाच बघत होतो. काकाने त्याच्याभोवती चक्कर मारली.

"एवरा मोठा पेटारा, न् बटन एक पन नाय?"

मी हसले. आणि मग वाकून बघितलं. खरंच नव्हतं बटण.

गाणाऱ्या बाई पन्नाशीच्या, उरणकडच्या, डोक्यावर ओढणी. म्हणाल्या, "बेटा, ई फ्लॅट घे. चल."

ई फ्लॅट म्हणजे आमची काळी दोन. माझा डावा हात बटण दाबायला आपोआप वर गेला. तिथे नुसतं चकचकीत लाकूड, त्यात माझाच चेहरा.

"काय शोधतेस गं, चष्मा?" बासवाला म्हणाला.

मी अंदाजाने पहिला कॉर्ड मारला. असा पडला की बॅग ओढत चाललेला एक माणूस थांबून बघायला लागला. दुसराही तसाच. शेवटी सांगून टाकलं, "मॅडम, मी हळदीत वाजवते. मला फक्त पांढरी एक येते."

"फक्त सी? आणि जॅझ वाजवायला आलीस?" बासवाला फिस्सकन हसला.

बाई हसल्या नाहीत. "सीमध्ये वाजव. बघू."

वाजवलं. बाई त्यांच्या पट्टीतून उतरून माझ्या पट्टीत आल्या. एवढ्या खाली त्यांचा आवाज जाडसर झाला, दमट, कोणी कानाशी कुजबुजतंय तसा. खऱ्या तारांची थरथर माझ्या मनगटापर्यंत येत होती. बासचे खर्जातले सूर माझ्या सुरांखालून हळूच चालत होते. काचेबाहेर पिवळं ऊन, आणि लॉबीतली माणसं पाण्याखालून चालल्यासारखी, एकदम सावकाश. मी खुर्चीवर बसलेय हेच विसरले. ते गाणं किती वेळ चाललं, मला आजही सांगता येणार नाही.

संपल्यावर बाई पाणी प्यायल्या. "हात छान आहे तुझा. पण दर वेळी मी नाही हां उतरणार. पुढच्या रविवारी तू माझ्या पट्टीत ये. आलीस तर जागा तुझी."

"आणि नाही जमलं तर?"

"तर तुमच्याकडच्या हळदीला बोलव. जेवायला येईन."

टेम्पोत बसल्या बसल्या मी डॅशबोर्डवर काळी दोनचे कॉर्ड शोधायला लागले. काका म्हणाला, "धूल पुसतंस का गो?"

पुढच्या रविवारी बाई काळी दोनमध्येच गायल्या आणि मी सोबत होते. दोन कॉर्ड चुकले. ते बासवाल्याने असे अलगद झाकले की फक्त आम्हा तिघांनाच कळलं.