वारं, ब्लोअर आणि माझे वय

सोमवार: सर्व्हिस सेंटरच्या सल्लागाराने माझी तक्रार चुकीची नोंदवली. शुक्रवार: त्याच्या वरिष्ठाने गाडी न चालवता अहवालावर सही केली. रविवार: तो अहवाल वाचून माझ्या मुलीने गाडीची किल्ली स्वतःच्या पर्समध्ये टाकली. तिघेही जबाबदार आहेत; मुलगी सर्वांत कमी, कारण तिच्यापुढे खोटा पुरावा ठेवण्यात आला होता.

भर दुपारी शोळिंगनल्लूरच्या सिग्नलला गाडी बंद पडे. पुन्हा सुरू करताना काळा धूर येई, पेट्रोलचा वास येई. गाडीचे पुस्तक वाचून मी कारणाचा अंदाज बांधला होता. सल्लागार सांगलीकडचा तरुण, नोकरीसाठी इकडे तमिळ मुलखात आलेला. त्याचे मराठी ऐकून मी निर्धास्त झालो. आम्ही पिढ्यान्‌पिढ्या इथलेच, तंजावरकडचे मराठी. तमिळमध्ये हवा आणि वारा यांना शब्द एकच, म्हणून आमच्या घरात हवेलाही वारंच म्हणतात.

"वारं मोजायचा सेन्सर बिघडलाय," मी म्हणालो.

"वारं कमी येतंय का, काका?"

"कमी-जास्त नाही. वाऱ्याची उष्णता चुकतेय."

"म्हणजे गार होत नाही! लिहितो."

त्याने एसी आणि ब्लोअर लिहिले. वाचल्याशिवाय सही करू नका, असे जन्मभर लोकांना बजावणाऱ्या मी त्याखाली सही केली. याची लाज मला आजही वाटते.

अहवाल असा: 'एसी व ब्लोअर उत्तम. वाहनात दोष नाही. चालक वयोवृद्ध, क्लच नीट सांभाळला जात नसावा.' माझा पाय क्लचवर कोणी पाहिला होता?

अखेर मागच्या गल्लीतल्या मेकॅनिकला घरी बोलावले. त्याने स्कॅनर जोडला. बाहेर अंगाची लाही होत होती आणि पडद्यावर इंजिनात शिरणारी हवा बर्फाहून थंड दिसत होती.

"सार, वंडीला हुडहुडी भरलीय! स्वेटर आणा!" तो गाडीकडे बोट दाखवत तमिळमध्ये म्हणाला आणि खो-खो हसला.

हा सेन्सर एअर फिल्टरमागच्या नळीत बसतो. हवा तापली की त्याचा विद्युत्-रोध उतरतो. त्यावरून इंजिनाचा संगणक पेट्रोलचे माप ठरवतो. थंड हवा दाट, म्हणून पेट्रोल जास्त. आमचा सेन्सर थंडीवरच अडकल्याने इंजिन पेट्रोलने गुदमरत होते. बॅटरीची वायर सोडून, प्लगची खिट्टी दाबून मी तो स्वतः काढला. हेअर ड्रायरने तापवला, तरी मीटरवरचा आकडा हलला नाही. नव्याचा झरझर उतरला. रबरी कडे नीट बसवून नवा सेन्सर लावला.

दुपारी मुलीने गाडी चालवली. त्याच सिग्नलला गाडी शांतपणे चालू राहिली.

"पटलं?" मी विचारले.

"अप्पा, चालवत मी होते ना! आणि अहवालात अजून तेच लिहिलंय."

किल्ली पुन्हा पर्समध्ये गेली. मी सेंटरला तीन पत्रे लिहिली. उत्तरादाखल फोन आला: "काका, गाडी चालतेय ना? मग सोडून द्या की."

सोडणार नाही. तो सेन्सर आपण तपासला होता काय? नसल्यास माझ्या वयाला दोष कोणत्या आधारावर दिला? याचे लेखी उत्तर त्या वरिष्ठाने स्वतःच्या सहीने, सर्व ग्राहकांना वाचता येईल असे, सेंटरच्या दर्शनी फलकावर लावावे. फोनवरची दिलगिरी मी स्वीकारणार नाही.