पान उलटणारा हात

मुक्ताच्या, म्हणजे माझ्या लेकीच्या विद्यापीठातल्या सिंफनी ऑर्केस्ट्राचा कार्यक्रम होता. विषय होता नदी. मी आणि माझ्या थोरल्या जाऊबाई अगदी पुढे बसलो होतो.

व्हायोलिनवाले दोघांत एक स्वरलिपीचा स्टँड घेऊन बसले होते. संगीत ऐन रंगात आलं, की मुक्ता वाजवणं थांबवायची, हात लांबवून पान उलटायची आणि पुन्हा सुरांत मिसळायची. शेजारचा मुलगा मात्र अखंड वाजवत होता. मला रागच आला. मध्यंतरात तिला म्हटलं, “दर वेळी तूच का गं थांबतेस?”

ती हसली. “आई, तशी पद्धतच आहे. आतल्या बाजूला बसेल त्यानं पान उलटायचं. दोघंही थांबलो तर नदी आटेल ना!”

नंतर मी त्या हाताकडेच बघत राहिले. मुक्ता लहान असताना मी एकही दिवस नोकरी चुकवली नाही, याचं लोकांना केवढं कौतुक! ती तापानं फणफणायची तेव्हा जाऊबाई आपला गाण्याचा क्लास बुडवून तिच्या उशाशी बसायच्या. पुढे तो क्लास सुटलाच. माझी नदी मात्र वाहती राहिली.

शेवटी सगळा वाद्यवृंद एकदम उभा राहिला. टाळ्या वाजवता वाजवता मी जाऊबाईंकडे वळले.

“अगं, इकडे काय बघतेस? मुक्ता तिकडे आहे,” त्या म्हणाल्या.

मी त्यांच्याकडेच बघत टाळ्या वाजवत राहिले.